ओपन अँगल काचबिंदू: ड्रॉप्स, लेझर की ऑपरेशन? अनुभव हवे आहेत

कातरवेळ

वय ४७. जवळचं वाचताना त्रास व्हायला लागला म्हणून चष्म्याचा नंबर तपासायला गेले होते. डॉक्टरांनी डोळ्यांचं प्रेशर मोजलं, थांबून पुन्हा मोजलं, बाहुली मोठी करून मागचा पडदा पाहिला आणि आठवडाभरात आणखी चार तपासण्या सांगितल्या. निदान झालं: प्रायमरी ओपन अँगल ग्लॉकोमा. दोन्ही डोळ्यांत आहे, उजव्यात जास्त.

ज्यांना कळतात त्यांच्यासाठी आकडे देते. प्रेशर उजवा २६, डावा २४. कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) जाडी ५१८ आणि ५२२ मायक्रॉन. कप-डिस्क रेशो (नसेच्या टोकावरच्या खोलगट भागाचं प्रमाण) ०.७ आणि ०.६. गोनिओस्कोपीत (डोळ्यातला द्रव जिथून बाहेर जातो तो कोन पाहण्याच्या तपासणीत) अँगल पूर्ण उघडा. ओसीटी स्कॅनमध्ये उजव्या डोळ्याच्या मागच्या नसेचा खालचा काठ पातळ झालेला. फील्ड टेस्टमध्ये (नजरेचा किती भाग दिसतो ते मोजणारी तपासणी) उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूला वर एक काळा पट्टा, डावा सध्या स्वच्छ.

मला स्वतःला काहीच जाणवत नव्हतं. आताही जाणवत नाही. एक डोळा झाकून कितीदा पाहिलं, तो काळा पट्टा मला कुठेच सापडत नाही. रिपोर्ट सांगतोय तेवढी नजर गेली आहे, आणि मला ती गेल्याचं कळलंही नाही. या विचाराने गेले काही दिवस नीट झोप नाही.

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. रोज रात्री लॅटानोप्रोस्टचा एक थेंब, किंवा आधी एसएलटी लेझर (द्रवाचा निचरा सुधारणारा लेझर उपचार). दोन्ही चालतील, विचार करून दोन आठवड्यांत सांगा म्हणाले. ऑपरेशनची गरज आज नाही. ज्यांनी यातलं काहीही केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. त्रास झाला असेल तर तोही लिहा.

रानवारा

कातरवेळ, तुमचा डावा डोळा स्वच्छ असताना आणि उजव्यातलं थोडंच गेलेलं असताना हे सापडलं. माझं सापडलं तेव्हा एवढं शिल्लक नव्हतं, म्हणून हे आधी लिहितोय.

मी १४ वर्षं ड्रॉप्सवर आहे. रात्री लॅटानोप्रोस्ट, आणि गेली सहा वर्षं त्याच्या जोडीला सकाळ-संध्याकाळ डोर्झोलामाइड-टिमोलॉल एकत्र असलेली बाटली. प्रेशर २८ होतं, आता १५-१६ असतं.

मधे एक मोठी चूक केली. तिसऱ्या वर्षी ड्रॉप्स सोडले. डोळे लाल व्हायचे, पापण्यांचे केस लांब आणि दाट झाले होते, लोक विचारायचे. आणि ड्रॉप्स घातले काय, न घातले काय, दिसण्यात काडीचाही फरक पडत नव्हता. न दुखणाऱ्या आजारासाठी डोळा चुरचुरवणारं औषध घ्यायला मन तयार होईना. आधी एखादा दिवस चुकायचा, मग आठवडा, मग बाटली संपली आणि नवीन आणलीच नाही. असे सात महिने गेले.

पुढच्या फील्ड टेस्टनंतर डॉक्टरांनी जुना आणि नवा कागद शेजारी ठेवले आणि काही बोलले नाहीत. डाव्या डोळ्याचा खालचा जवळजवळ अर्धा भाग काळा झाला होता. तो परत आला नाही. आजही जिना उतरताना शेवटची पायरी मला मान वाकवून बघावी लागते.

तुम्ही ड्रॉप्स निवडा किंवा लेझर, पण निवडलेलं सोडू नका. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्या, बदलायला बरीच औषधं आहेत. माझा लालसरपणा प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप्स सुरू केल्यावर बराच कमी झाला. हे मी तिसऱ्या वर्षीच विचारलं असतं तर सात महिने वाया गेले नसते.

अंगणवेल

वाचतेय. आईसाठी आम्हीही याच वळणावर होतो, रात्री निवांत लिहिते.

दृष्टिक्षेप

मी नेत्रशल्यचिकित्सक आहे, रोजच्या कामात काचबिंदूचे बरेच रुग्ण असतात. इथून कोणाचे उपचार ठरवणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम आहे. पण त्यांच्यासमोर बसाल तेव्हा काय विचारायचं हे कळावं म्हणून लिहितो.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पातळ द्रव सतत तयार होतो आणि सतत बाहेर जातो. बाहेर जायची वाट बुबुळाच्या कडेला, जिथे कॉर्निया आणि आयरिस (डोळ्याचा रंगीत पडदा) एकमेकांना भेटतात त्या कोनात असते. तिथे एक बारीक जाळी आहे. ओपन अँगल प्रकारात कोन उघडा असतो, द्रव जाळीपर्यंत विनासायास पोचतो, पण जाळीतून पलीकडे जाताना अडखळतो. मोरीचं तोंड मोकळं आहे पण जाळीतून पाणी हळू उतरतंय, तसं समजा. आत दाब वाढतो आणि तो डोळ्याच्या मागच्या नसेवर येतो. या नसेत दहा लाखांहून जास्त तंतू असतात आणि ते वर्षानुवर्षं थोडे थोडे मरतात. मेलेला तंतू कुठल्याही औषधाने जिवंत होत नाही. म्हणून आज उपलब्ध असलेले सगळे उपचार एकच गोष्ट करतात: दाब उतरवतात, म्हणजे उरलेले तंतू टिकतात.

काळा पट्टा का सापडत नाही? एका डोळ्याला न दिसणारा भाग दुसरा डोळा भरून काढतो. एक डोळा झाकला तरी मेंदू आजूबाजूच्या चित्रावरून ती जागा भरतो. रुग्णाला काळं असं काही दिसतच नाही. तुमच्या निष्काळजीपणाचा यात काही भाग नाही, हे मनावरून उतरवा.

तुमच्या आकड्यांतला एक तपशील महत्त्वाचा आहे. कॉर्निया थोडा पातळ आहे. पातळ कॉर्नियावर प्रेशर खऱ्यापेक्षा किंचित कमी मोजलं जाऊ शकतं, शिवाय पातळ कॉर्निया हा स्वतःच धोका वाढवणारा घटक आहे. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: माझं टार्गेट प्रेशर किती? सुरुवातीच्या टप्प्यात साधारण मूळ आकड्यापेक्षा २० ते ३० टक्के खाली हे उद्दिष्ट असतं. नुकसान जास्त असेल तर टार्गेट आणखी खाली जातं. २१च्या आत म्हणजे सुरक्षित, असा सरसकट नियम नाही.

आता ड्रॉप्स की लेझर. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या लाइट नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. नुकतंच निदान झालेल्या ७१८ लोकांपैकी निम्म्यांना आधी ड्रॉप्स दिले, निम्म्यांना आधी एसएलटी. तीन वर्षांनी लेझरच्या गटातल्या सुमारे ७४ टक्के लोकांना एकही ड्रॉप न घालता टार्गेट गाठता आलं होतं. सहा वर्षांनीही हे प्रमाण ७०च्या आसपास होतं, आणि त्या गटात पुढे ट्रॅबेक्युलेक्टॉमी (द्रवाला नवी वाट करून देणारं ऑपरेशन) करावी लागलेले डोळे कमी होते: १३, तर ड्रॉप्सच्या गटात ३२. यानंतर ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत एसएलटीला पहिला उपचार म्हणून जागा मिळाली. तुमच्या डॉक्टरांनी लेझर सुरुवातीलाच सुचवलं ते बहुधा यामुळे.

एसएलटी जाळीला भोक पाडत नाही. जाळीतल्या रंगद्रव्य असलेल्या पेशींवर नॅनोसेकंदांचे लहानसे झटके दिले जातात, आजूबाजूचा भाग भाजत नाही. शरीर त्या जागेची साफसफाई करतं आणि निचरा सुधारतो. म्हणूनच परिणाम लगेच दिसत नाही, सहा-आठ आठवडे लागतात. तो कायमचाही नसतो. काहींना वर्षभर पुरतो, काहींना चार-पाच वर्षं, आणि ओसरला तर पुन्हा करता येतं. काही डोळ्यांत मात्र उपयोगच होत नाही. सुरुवातीपासून ही शक्यता मनात ठेवली तर पुढे निराशा होत नाही.

टिंब

ड्रॉप्सबद्दल एक गोष्ट लिहितो, कारण ती मला वेळेवर कोणी सांगितली नव्हती.

मला लहानपणापासून दमा. काचबिंदूसाठी टिमोलॉल लिहून दिलं गेलं तेव्हा दम्याबद्दल विचारलं गेलं नाही, आणि डोळ्याच्या औषधाचा छातीशी संबंध असेल हे माझ्याही मनात आलं नाही. तिसऱ्या दिवशी रात्री श्वास इतका कोंडला की इमर्जन्सीत जावं लागलं. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी सगळ्या औषधांची नावं विचारली. मी गोळ्या सांगितल्या, ड्रॉप्स सांगितलेच नाहीत. त्यांनी स्वतः विचारलं, "डोळ्यात-नाकात काही घालता का?" तेव्हा उलगडा झाला.

दमा, सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार), हृदयाचे ठोके मंद असणं, हार्ट ब्लॉक (हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युत संदेशात अडथळा), यातलं काहीही असेल तर टिमोलॉलच्या जातीचे ड्रॉप्स घेण्याआधी स्वतःहून सांगा. कोणी विचारायची वाट पाहू नका. एकत्र औषधांच्या बाटलीतही टिमोलॉल असतं, आणि ब्रँडच्या नावावरून ते कळत नाही. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ औषध वाचा.

मी आता लॅटानोप्रोस्ट आणि ब्रिन्झोलामाइडवर आहे. छातीला काही त्रास नाही.

दृष्टिक्षेप

टिंब, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. डोळ्यातला थेंब अश्रूंच्या नळीने नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो. पोटातल्या गोळीसारखा तो यकृतातून गाळून जात नाही, म्हणून एवढ्याशा थेंबाचाही शरीरावर परिणाम होतो.

बाकीच्या औषधांचं थोडक्यात सांगतो. लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट, टॅफ्लुप्रोस्ट ही एका घराण्यातली. दिवसातून एकदाच, प्रेशर साधारण पाव ते तिसरा हिस्सा उतरवतात आणि शरीराला सहसा त्रास देत नाहीत. डोळ्याभोवती मात्र बदल घडवतात. पापण्यांचे केस वाढतात, कातडी काळवंडते, काहींचे डोळे खोल गेल्यासारखे दिसतात. घाऱ्या किंवा हिरवट डोळ्यांचा रंग गडद होतो आणि तो रंग पुन्हा मूळचा होत नाही. एकाच डोळ्याला औषध असेल तर दोन डोळ्यांतला फरक उठून दिसतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. ब्रिमोनिडीनने काहींना झोप येते, तोंड कोरडं पडतं, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही ॲलर्जी उमटू शकते. लहान बाळांना ते देत नाहीत. डोर्झोलामाइड चुरचुरतं, तोंडात कडवट चव येते. नेटारसुडिल त्यामानाने नवीन, अमेरिकेत २०१७च्या अखेरीस मान्यता मिळालेलं. ते जाळीवरच काम करतं, पण त्याने डोळे बऱ्यापैकी लाल होतात. ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या प्रेशर झपाट्याने उतरवायला चांगल्या, पण हातापायांना मुंग्या, थकवा आणि मुतखड्याचा धोका असल्यामुळे त्या शक्यतो थोड्या दिवसांपुरत्याच देतो.

आणि स्टेरॉइड. डोळ्यात घालायचे असोत, दम्याचा पंप असो, चेहऱ्याला लावायचं मलम असो की सांध्यातलं इंजेक्शन. काचबिंदू असलेल्यांचं प्रेशर स्टेरॉइडने चढायची शक्यता जास्त असते. टिंब, तुम्ही पंप वापरत असाल तर तो बंद करू नका, दमा सांभाळणं तितकंच गरजेचं आहे. फक्त डोळ्याच्या डॉक्टरांना त्याबद्दल सांगून ठेवा.

अंगणवेल

आईचं वय ७६. दोन्ही हातांना संधिवात, डाव्या हाताला कंप. तिला तीन बाटल्या होत्या, दिवसाला पाच वेळा ड्रॉप्स. प्रेशर काही केल्या २२च्या खाली येत नव्हतं. चौथी बाटली वाढवायचं ठरत होतं.

मी त्या काळात आठवडाभर तिच्याकडे राहायला गेले. एका रात्री ती ड्रॉप्स घालत असताना शेजारी बसले. पहिला थेंब गालावर पडला. दुसरा पापणीवर, तो तिने पुसला. तिसऱ्या वेळी बाटलीचं टोक डोळ्याला लागलं, ती दचकली आणि म्हणाली, "झालं." मला रडू आलं. ती दोन वर्षं अगदी नेमाने ड्रॉप्स घालत होती, एक वेळ चुकवली नव्हती, आणि त्यातले निम्मे तरी डोळ्यात गेलेच नव्हते. दोन वर्षांत एकाही भेटीत तिला कोणी "घालून दाखवा" म्हटलं नव्हतं. आम्हीही नाही.

डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत पाण्याची बाटली दिली आणि सांगितलं, घालून दाखवा. मग दोन्ही डोळ्यांना एसएलटी केलं, तीनच्या जागी एक बाटली ठेवली आणि ती रात्री भाऊ किंवा वहिनी घालतात. प्रेशर १६.

घालायची पद्धत आम्हाला अशी शिकवली. आडवं व्हायचं किंवा मान पूर्ण मागे. खालची पापणी ओढून खोबण करायची. एकच थेंब. डोळा अलगद मिटायचा, उघडझाप करायची नाही. नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट ठेवून दोन मिनिटं हलका दाब द्यायचा, म्हणजे औषध नाकात उतरत नाही. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटं थांबून. थेंब नक्की गेला का कळत नसेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवली की थंडगार थेंब पडलेला समजतो, पण आपल्या औषधाला ते चालतं का हे विचारून घ्या.

रानवारा

अंगणवेल, मला हे बोट दाबायचं नवव्या वर्षी कळलं.

पाऊलखुणा

दोन शंका विचारतो. माझ्या काकांचं प्रेशर कायम १६-१७, तरी त्यांना काचबिंदू सांगितला आहे. हे चुकीचं निदान तर नाही? आणि ते रोज डोळ्यांचे व्यायाम आणि शीर्षासन करतात, त्याने नस पुन्हा मजबूत होईल असं त्यांना कोणीतरी सांगितलं आहे. ते ड्रॉप्स घ्यायला तयार नाहीत. त्यांना काय सांगू?

दृष्टिक्षेप

पाऊलखुणा, शीर्षासन आजच थांबवायला सांगा, बाकीचं नंतर. डोकं खाली, पाय वर अशा स्थितीत डोळ्याचं प्रेशर जवळपास दुप्पट होऊ शकतं. हे योग करणाऱ्यांवरच मोजून पाहिलं गेलं आहे. ज्यांची नस आधीच दुबळी आहे त्यांच्यासाठी ही धोक्याची गोष्ट आहे. बाकी आसनं, चालणं, पोहणं, सायकल हे सगळं चांगलं. पोहण्याचा गॉगल मात्र डोळ्यांच्या खोबणीत रुतणारा नको. डोळ्यांच्या व्यायामाने नसेतले मेलेले तंतू परत येत नाहीत.

निदान चुकीचं असेलच असं नाही. प्रेशर नॉर्मल पट्ट्यात असूनही नस खराब होणं याला नॉर्मल टेन्शन ग्लॉकोमा म्हणतात, आणि तोही ओपन अँगलचाच प्रकार. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा रुग्णांचं प्रेशर ३० टक्क्यांनी उतरवलं, तर आजार पुढे सरकलेल्या डोळ्यांचं प्रमाण १२ टक्के होतं. उपचार न दिलेल्यांत ते ३५ टक्के होतं. म्हणजे १६ हा आकडा काकांच्या नसेला जास्त होत असेल. दुसरीकडे, उपचार न घेतलेल्यांपैकी ६५ टक्के त्या काळात टिकले, पण त्यांत कोण असेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून त्यांची फील्ड टेस्ट नियमित होणं फार गरजेचं आहे. प्रेशर दिवसभर बदलतं, झोपल्यावर बहुतेकांचं वाढतं, त्यामुळे दवाखान्यात सकाळी अकरा वाजता मोजलेला एकच आकडा पुरेसा नसतो. रात्री बीपी फार उतरत असेल किंवा झोपेत श्वास अडकत असेल तर तेही तपासायला सांगा.

काकांना पटवायचं असेल तर आकडे बाजूला ठेवा. दोन फील्ड रिपोर्ट, मधे वर्षाचं अंतर असलेले, शेजारी ठेवून दाखवा. रानवारांना जसे दाखवले गेले तसे.

कातरवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला.

फील्ड टेस्टबद्दल एक विचारायचं होतं. माझी पहिली टेस्ट फार वाईट गेली. दिवे दिसले की नाही कळेना, बटण उगाचच दाबलं जायचं, घाम फुटला. त्या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा?

दृष्टिक्षेप

पहिली टेस्ट बहुतेकांची अशीच जाते. ती शिकण्यात जाते. म्हणून सुरुवातीलाच दोन-तीन टेस्ट करून पाया ठरवतात, आणि पहिल्या दोन वर्षांत त्या जास्त वेळा करतात, म्हणजे आजाराचा वेग कळतो. तुमच्या बाबतीत ओसीटीत नस खालून पातळ आहे आणि फील्डमध्ये डाग वर आहे. डोळ्यात चित्र उलटं पडतं, त्यामुळे हे दोन्ही एकमेकांशी जुळतं. टेस्टच्या दिवशी पोटभर झोप घेऊन जा. मधे थांबावंसं वाटलं तर बटण दाबून धरा, मशीन थांबतं. बरेचसे दिवे मुद्दामच न दिसण्याइतके मंद असतात, तेव्हा "दिसत नाही" म्हणून घाबरू नका.

शाईपेन

ऑपरेशनच्या बाजूचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. माझी उजव्या डोळ्याची ट्रॅबेक्युलेक्टॉमी होऊन सहा वर्षं झाली. निदान उशिरा झालं, ड्रॉप्सच्या तीन बाटल्या आणि एसएलटी होऊनही प्रेशर २१-२२, आणि फील्ड दर सहा महिन्यांनी आत सरकत होतं. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला १२च्या आसपास आणायला हवं, ते आता औषधाने होणार नाही.

या ऑपरेशनमध्ये डोळ्याच्या पांढऱ्या भागात, वरच्या पापणीखाली, एक झडप असलेली नवी वाट करतात. द्रव तिथून बाहेर येऊन पातळ त्वचेखाली साठतो आणि शोषला जातो. तो जो लहानसा उंचवटा बनतो त्याला ब्लेब म्हणतात. गंमत अशी, की बाकीच्या ऑपरेशनमध्ये जखम लवकर भरावी असं वाटतं, इथे ती पूर्ण भरू नये म्हणून धडपड करावी लागते. शरीराला ती वाट बुजवायची असते. म्हणून ऑपरेशनच्या वेळी मायटोमायसिन नावाचं औषध लावतात आणि नंतर महिनोन्महिने स्टेरॉइड ड्रॉप्स देतात.

मला सुईची भीती होती, ऑपरेशनचीही होती, पण खरा कस लागला तो नंतरच्या दीड महिन्यात. आठवड्याला एक-दोन भेटी. तिसऱ्या दिवशी प्रेशर ४. इतकं कमी की नजर पाण्याखाली बघतोय अशी. झुकायचं नाही, उचलायचं नाही, शिंक आली तरी धस्स व्हायचं. दुसऱ्या आठवड्यात १९ झालं, तेव्हा लेझरने एक टाका सैल केला, १३वर आलं. पाचव्या आठवड्यात पुन्हा चढलं, ब्लेबमध्ये सुई घालून चिकटलेली त्वचा मोकळी केली. त्या दिवशी मी गाडीत बसून खूप रडले, वाटलं सगळं फुकट गेलं. गेलं नव्हतं. तिसऱ्या महिन्यापासून प्रेशर १०-११ आहे, उजव्या डोळ्याला एकही ड्रॉप नाही, आणि सहा वर्षांत फील्ड जागच्या जागी आहे.

काय गमावलं तेही लिहिते. दोन वर्षांत त्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला, तो काढावा लागला. डोळ्यात कायम काहीतरी खुपल्यासारखं वाटतं. आणि जन्मभराचा नियम: डोळा लाल झाला, दुखला, चिकट स्राव आला की त्याच दिवशी डॉक्टर. ब्लेबला जंतुसंसर्ग झाला तर नजर तासांच्या हिशेबात जाऊ शकते. मी प्रवासाला जाते तेव्हा आधी तिथला डोळ्यांचा दवाखाना शोधून ठेवते.

टिंब

शाईपेन, प्रतिसाद फार आतून आला आहे. ते बारीक स्टेंटचं (डोळ्यात इवलीशी नळी बसवायचं) ऑपरेशन तुम्हाला का सुचवलं नाही? माझ्या बहिणीला मोतीबिंदूबरोबर तेच केलं.

दृष्टिक्षेप

मी उत्तर देतो. आयस्टेंट, हायड्रस यांसारखे स्टेंट जाळीतून नैसर्गिक नाल्यात बसवतात. धोका कमी, बरं व्हायला वेळ कमी. मोतीबिंदू काढायचाच आहे आणि काचबिंदू सौम्य आहे, तर एखादी बाटली कमी करायला उत्तम. पण प्रेशर बहुतेकदा मध्यम पट्ट्यातच राहतं, १०-११ची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवता येत नाही. शाईपेन यांना तेच हवं होतं. ट्रॅब (ट्रॅबेक्युलेक्टॉमी) फसली किंवा डोळ्यात आधीच बरीच ऑपरेशनं झाली असतील तर अहमद व्हॉल्व्हसारखी ट्यूब बसवतात.

कातरवेळ

नऊ आठवड्यांनी परत आले आहे, कारण इथल्या धाग्यांत पुढे काय झालं ते अनेकदा कळतच नाही.

एसएलटी केलं. दोन्ही डोळे, एकाच दिवशी. आधी एक ड्रॉप, मग बधिर करणारा ड्रॉप, मग डोळ्यावर एक जाडसर भिंग टेकवून हनुवटी मशीनवर. हिरव्या प्रकाशाचे झटके आणि टकटक असा आवाज, एका डोळ्याला पाचेक मिनिटं. दुखलं नाही, दोन-चार झटक्यांना टोचल्यासारखं झालं. तासाभराने प्रेशर मोजून घरी सोडलं. दोन दिवस डोळे जड होते, उजेड सहन होत नव्हता, मग काही नाही. सहाव्या आठवड्यात उजवा १८, डावा १७. टार्गेट १८ ठरलं आहे. डॉक्टर म्हणाले, उजवा काठावर आहे, तीन महिन्यांनी बघू, वर गेला तर रात्रीचा ड्रॉप जोडू. मला ते मान्य आहे. दुसऱ्या फील्ड टेस्टमध्ये पट्टा तेवढाच होता.

पण आज लिहायचं कारण वेगळं आहे. रक्ताच्या नात्यात धोका कित्येक पटींनी जास्त असतो, भावंडांना सर्वांत जास्त, असं डॉक्टर म्हणाले होते. मी दादाच्या मागे लागले. तो ५३ वर्षांचा. "मला उत्तम दिसतं" म्हणत महिनाभर टाळत होता. शेवटी मीच बरोबर गेले. प्रेशर ३२ आणि ३०. डाव्या डोळ्याचं फील्ड मधल्या लहान वर्तुळापुरतं उरलं आहे, उजव्याचं अर्धं गेलं आहे. गेल्या वर्षी त्याने गाडी दोनदा डावीकडून घासली होती, आम्ही सगळ्यांनी त्याला घाईवरून बोललो होतो.

त्याचे डॉक्टर डाव्या डोळ्याला थेट ट्रॅबेक्युलेक्टॉमी सुचवत आहेत. आधी ड्रॉप्स देऊन बघायला नको का, असं घरचे विचारत आहेत.

दृष्टिक्षेप

कातरवेळ, तुम्ही त्याला नेलंत म्हणून उरलेलं वाचवता येणार आहे.

निदानाच्या वेळीच आजार पुढे गेलेला असेल तर ऑपरेशन आधी करणं ही घाई नाही. २०२१ मध्ये ब्रिटनमधून ४५३ अशा रुग्णांचा अभ्यास आला. निम्म्यांवर आधी ट्रॅब, निम्म्यांना आधी ड्रॉप्स. दोन वर्षांनी ऑपरेशनच्या गटाचं सरासरी प्रेशर सुमारे १२, ड्रॉप्सच्या गटाचं सुमारे १५. रोजच्या जगण्यात जाणवणाऱ्या त्रासात फरक नव्हता आणि ऑपरेशनचे धोकेही अपेक्षेपेक्षा जास्त निघाले नाहीत. ऑपरेशनच्या तारखेपर्यंत ड्रॉप्स चालूच राहतील. फील्ड इतकं आत आलेलं असताना क्वचित ऑपरेशननंतर मधली नजरही कमी होऊ शकते, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि गाडी चालवणं आजपासून बंद, जोवर डॉक्टर तपासून परवानगी देत नाहीत तोवर.

कातरवेळ

किल्ली माझ्याकडे आहे. शाईपेन, दादाला ऑपरेशनपेक्षा नंतरच्या दिवसांची भीती वाटते आहे. तुमचा प्रतिसाद मी त्याला वाचून दाखवला, स्वतः वाचायचा त्याला धीर झाला नाही. तुमच्याशी तो फोनवर बोलला तर चालेल?

शाईपेन

चालेल, नक्की. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, त्यात नंबर आहे. संध्याकाळी सातनंतर कधीही. पहिल्या पंधरा दिवसांच्या भेटींना त्याला एकट्याला पाठवू नका, कोणीतरी बरोबर असू द्या. आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून घ्यायला सांगा, नंतर बरेच दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नसतं.